माळावरचा काळा अंगरखा

जिथे झाडे बोटांवर मोजावीत आणि गवत मात्र नजर पोहोचेल तिथवर, अशा एका माळावर एक काळवीट राहत असे. त्याचे वय झाले होते. ही गोष्ट त्याच्याखेरीज साऱ्या माळाला ठाऊक होती.

मुलांनो, काळवीट जन्मतः काळा नसतो. लहानपणी तो आपल्या आईसारखाच, वाळक्या गवताच्या रंगाचा असतो. पुढे शिंगांना पीळ भरतो, छाती रुंद होते आणि पाठीवर, कुशींवर काळा रंग चढू लागतो. त्या माळावरची हरणे याला अंगरखा चढणे म्हणत. ज्याचा अंगरखा सर्वांत काळा, त्याने माळाच्या मधल्या उंचवट्यावर उभे राहायचे. त्या उंचवट्याचे नाव ठाणे आणि तिथे उभा राहील तो कळपाचा धनी. पण अंगरखा कोणाचाच कायमचा नसे. बळ ओसरले, ठाणे सुटले, की तो मानेपासून विटत जाई आणि एखाद्या हिवाळ्यात नर पुन्हा गवताच्या रंगाचा होऊन जाई.

अंगरखा उतरलेल्या नराला त्या कळपात एक काम असे. हरिणी व्याल्या की पाडसांना पहिले काही दिवस पळता येत नाही. आया त्यांना उंच गवतात निजवून चरायला जातात. कळपावरून वारा ज्या बाजूला वाहत जाई, त्या बाजूने लांडगा येतो. कारण तिकडून त्याचा वास कळपाला येत नाही. म्हणून त्याच बाजूच्या गवतात एका विटलेल्या नराने दिवसभर निश्चल उभे राहायचे. गवत पिवळे आणि तोही पिवळा. लांडग्याला कळपाचा वास येई, पण त्या वासात एकटा कोण कुठे उभा आहे हे उमगत नसे. गवत हलताना दिसले की राखणदाराने एकच उंच उडी मारायची. ती पाहून सारा कळप उड्या मारू लागे, आया धावत येत, आणि आपण दिसलो हे कळताच लांडगा मुकाट्याने परत फिरे. रीत जुनी असली म्हणजे चांगलीच असते असे नाही. ही मात्र अनेक पाडसांच्या जिवावर शिकलेली रीत होती आणि तिच्यात खोट नव्हती.

आपल्या गोष्टीतल्या काळविटाने सहा वर्षे ठाणे राखले होते. मागच्या पावसाळ्यात एका तरुण नराने त्याला हरवले. दिवाळीच्या सुमारास त्याची मान विटली, संक्रांतीपर्यंत पाठीवर तपकिरी चट्टे पडले आणि होळी जवळ आली तेव्हा अंगावर काळे म्हणावे असे फक्त शेपटीचे टोक उरले. माळाच्या कडेला उनाड तरुण नरांची एक टोळी फिरत असे. ती त्याला पाहून विचारी की आबा, अंगरखा धुवायला टाकलाय की वाळत घातलेला कोणी पळवला. तो हसल्यासारखे करी. मग एखाद्या बाभळीआड जाऊन मान वळवून वळवून आपली पाठ पाही.

त्या वर्षी, वारा उत्तरेकडे वाहत असताना, उत्तरेच्या गवतात अकरा पाडसे जन्मली. आधीचा राखणदार पावसाळ्यातच आजाराने गेला होता आणि कळपात विटलेला नर आता एकच होता. एका सकाळी तरुण धनी स्वतः चालत त्याच्याकडे आला. त्याने शिंगे खाली ठेवून, मान राखून विनंती केली की आबा, उद्यापासून उत्तरेची राखण तुमची. लांडगीलाही पिल्ले झाली आहेत आणि ती रोज ओढ्यापर्यंत येऊन बघून जाते.

म्हाताऱ्याने बरे म्हटले. पण धनी पाठमोरा झाल्यावर त्याच्या मनात एवढेच उरले की आता आपल्याला कोणी पाहणार नाही. काल जो सगळ्यांना दिसावा म्हणून उंचवट्यावर उभा होता, त्याने आता कोणालाही दिसू नये म्हणून गवतात उभे राहायचे.

ही बातमी कळपात पसरली तेव्हा सर्वांत जास्त आनंद एका तरुण हरिणीला झाला. तिचे ते पहिलेच पाडस होते, चार दिवसांचे. ती घाबरट होती आणि पाडसाला सोडून चरायलाच जात नसे. त्यामुळे तिचे दूध आटत चालले होते. आबा राखणीला उभे राहणार म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने पाडसाला उत्तरेच्या गवतात, ओढ्याच्या बाजूला, एका निवांत खळग्यात नेऊन बसवले आणि चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर चरायला गेली.

पण आबा गवतात नव्हते. ते तळ्यावर होते.

तळ्याचे पाणी मागे हटले होते आणि काठाला दाट काळा चिखल उघडा पडला होता. म्हातारा त्यात एका कुशीवर लोळला, उठला आणि दुसऱ्या कुशीवर लोळला. पोटाचा पांढरा भाग पांढराच राहावा याची त्याने फार काळजी घेतली. मानेला चिखल बसेना, म्हणून तिथे त्याने पुन्हा पुन्हा घासून थर दिला. मग पाण्यात पाहिले. पाण्यात सहा वर्षांपूर्वीचा धनी उभा होता.

त्याच्याच वयाची एक थोरली हरिणी पाणी प्यायला आली होती. दोघे एकाच उन्हाळ्यात जन्मलेले, त्यामुळे ती त्याला आबा म्हणत नसे. ती बराच वेळ बघत राहिली.

"हे काय रे?" तिने विचारले.

"अंगरखा."

"चिखल आहे तो."

"लांबून अंगरखाच दिसतो."

"लांबून आपल्याकडे कोण बघत असतं, ते आठव," हरिणी म्हणाली आणि पाणी न पिताच निघून गेली.

त्याने ते ऐकले, पण ऐकायचे नव्हते म्हणून ते त्याच्या मनात उतरले नाही. चिखल उन्हात वाळेपर्यंत तो थांबला आणि मग ठाण्याच्या दिशेने चालू लागला. त्याला लढायचे नव्हते. ठाण्याच्या कडेला जरा वेळ उभे राहावे, हरिणींनी एकदा मान वर करून पाहावे, उनाड टोळीची तोंडे बंद व्हावीत आणि मग संध्याकाळी राखणीला जावे, एवढाच त्याचा बेत होता. दिवस पुष्कळ मोठा आहे, असे त्याने स्वतःला सांगितले.

हरिणींनी खरोखरच माना वर केल्या. टोळीची बडबड थांबली. म्हातारा मान ताठ आणि पोट आत ओढून उभा राहिला. चिखलाला तडे जाऊ नयेत म्हणून तो श्वासही जपून घेत होता. असे उभे राहणारे एखादे काका तुम्ही लग्नाच्या मांडवात पाहिले असतील. एक डोळा बटणांवर आणि दुसरा फोटोवाल्यावर. त्यांना हसू नका. त्यांना कोणीतरी पाहावे असे वाटते आणि तसे वाटण्यात पाप नाही. पण या काळविटाचे उभे राहणे इतके निरुपद्रवी नव्हते.

त्या माळावर अंगरखा ही निव्वळ शोभा नव्हती, ते बोलणे होते. काळ्या अंगाने जो ठाण्यावर येतो तो ठाणे मागायला येतो, हे तिथल्या पाडसालाही कळे. त्यासाठी तोंडाने काही म्हणावे लागत नसे. आणि काळ्या अंगाने आलेल्याला धन्याने एकदा तसाच उभा राहू दिला, तर कडेला टपलेली सगळी टोळी त्याच दिवशी ठाण्यावर चढली असती.

धनी हळूहळू खाली आला. त्याने म्हाताऱ्याच्या पाठीकडे पाहिले. वाळलेला चिखल त्याला जवळून स्पष्ट दिसला असणार, पण तो त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. टोळी ऐकत होती.

"आबा, अंगरखा घालून आलात," तो म्हणाला. "आता मला मागे सरता येत नाही."

लढण्याआधी दोन नरांनी एकमेकांना समांतर, एका दिशेने चालायचे आणि वळायचे, अशा तीन फेऱ्या घालायची त्यांची पद्धत होती. तिसरी फेरी संपण्याआधी कोणी मान खाली घालून बाजूला झाला, तर त्याला कोणी अडवत नसे. पहिली फेरी झाली. म्हाताऱ्याचे गुडघे जड पडत होते, कारण सांध्यांवरचा चिखल कडक झाला होता. दुसरी झाली. उत्तरेकडे एक टिटवी ओरडू लागली. पण टिटवी ढगालाही ओरडते आणि सरड्यालाही, म्हणून कोणी मान वळवली नाही.

तिसऱ्या फेरीत चालता चालता धनी अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "आबा, अजून वळा. कोणाला काही बोलू देणार नाही मी."

"घाबरलास?"

"हो," धनी म्हणाला. "तुमचं शिंग मला लागेल म्हणून नाही. माझं तुम्हाला लागेल म्हणून."

इथे वळता आले असते. एक पाऊल बाजूला, मान खाली, आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण सगळा कळप पाहत होता. गेले कित्येक महिने कोणी पाहत नाही म्हणून तो तळमळत होता, आणि आता सगळे पाहत होते म्हणून त्याला हलता येईना.

त्याच वेळी ओढ्याच्या पलीकडून आणखी कोणीतरी पाहत होते.

लांडगी तीन दिवस उपाशी होती. तिच्या बिळात चार पिल्ले होती, आणि भुकेल्या पिल्लांसाठी शिकार शोधण्यात तिचे काहीच चुकत नव्हते. रोज ती ओढ्यापर्यंत येई आणि पिवळ्या गवताकडे बघत बसे. त्या गवतात कुठेतरी दोन डोळे असणार असे ती धरून चाले. कुठे ते कधीच कळत नसे. म्हणून ती परत जाई. आज तिला ठाण्यावर दोन काळे नर दिसले. एक रोजचा. दुसरा कोण, ते तिला त्याच्या चालीवरून कळायला वेळ लागला नाही, कारण याच म्हाताऱ्याला ती सहा वर्षे ठाण्यावर बघत आली होती. कळपात विटलेला नर एकच उरला होता आणि तोच आता सगळ्या माळाला दिसेल असा उघड्यावर उभा होता. याचा अर्थ गवतात कोणी नव्हते. ज्याने तिच्यावर डोळा ठेवायचा, त्याच्यावरच आज तिचा डोळा होता.

ती पोटावर सरकत ओढा ओलांडून गवतात शिरली.

ठाण्यावर शिंगे भिडली. खाडकन आवाज झाला आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावरच्या चिखलाची एक मोठी ढलपी निघून पडली. टोळीतले कोणीतरी फिस्सकन हसले. धनी जोर लावत नव्हता. तो नुसता तोलून धरत होता, हे म्हाताऱ्याला लगेच कळले आणि ते त्याला शिंगापेक्षाही जास्त टोचले. त्याने सगळे बळ एकवटून रेटा दिला. पिळदार शिंगे एकमेकांत अडकली. दोघे गोल फिरले. आता म्हाताऱ्याचे तोंड उत्तरेला होते आणि धन्याचे दक्षिणेला.

धन्याच्या मानेवरून म्हाताऱ्याला गवत दिसत होते. वारा नव्हता. दुपारची वेळ होती आणि एक पातेही हलत नव्हते. फक्त ओढ्याच्या बाजूने एक बारीक रेघ गवत दुभंगत पुढे येत होती. थांबत होती, पुन्हा पुढे येत होती. सहा वर्षांत त्याने ती रेघ पुष्कळदा पाहिली होती. रेघेच्या पुढे तो निवांत खळगा होता आणि खळग्यापासून बरीच लांब, पाठ करून, ती तरुण हरिणी निर्धास्त चरत होती.

"सोड," म्हातारा म्हणाला.

"आता सोडता येत नाही, आबा."

"उत्तरेला बघ. गवत चाललंय."

धन्याला मान वळवता येत नव्हती. आणि वळवता आली असती तरी त्याने वळवली नसती. समोरच्याला मागे बघायला लावायचे आणि तेवढ्यात रेटा द्यायचा, हा डाव याच म्हाताऱ्याने तरुणपणी दोनदा खेळला होता आणि त्याच्या गोष्टी स्वतःच पोरांना रंगवून सांगितल्या होत्या. धन्याने पाय अधिकच घट्ट रोवले. टोळी म्हणाली, आबांचा जुना डाव निघाला.

रेघ खळग्यापासून शंभर पावलांवर आली.

अडकलेली शिंगे सोडवण्याचा एकच मार्ग होता. दोन्ही गुडघे टेकून डोके मातीला लावायचे. मग पद्धतीप्रमाणे समोरच्याला मागे सरावेच लागे. पण ज्याने तसे केले त्याला पुन्हा कधी ठाण्याच्या आसपासही उभे राहता येत नसे. म्हाताऱ्याने एकदा कळपाकडे पाहिले. सगळे पाहत होते.

त्याने गुडघे टेकले. कपाळ धुळीत ठेवले. धनी चकित होऊन मागे सरला, शिंगे सुटली, आणि कोणाला काही कळण्याआधी म्हातारा उत्तरेकडे सुटला.

दहा पावलांवर त्याने उडी मारली. राखणदाराची उडी, उंच, चारही पाय एकदम जमिनीवरून उचलून. सांध्यांवरच्या कडक थरांनी ती अर्धीच झाली, पण कळपाने ती ओळखली. ठाण्यावरून धन्याने उडी मारली, मागोमाग हरिणींनी. चरणाऱ्या तरुण हरिणीने मान वळवली. पाडस कुठे आहे आणि रेघ कुठे आहे, हे तिला एकाच नजरेत दिसले. ती धावली, पण ती फार लांब होती.

लांडगी आता लपत नव्हती. ती उघड धावत होती. पाडस आईने बसवले होते तसेच मान जमिनीला लावून, कान पाडून पडून होते. उठू नकोस, एवढेच त्याला शिकवलेले होते. लांडगी दोन झेपांवर असताना म्हातारा आडवा येऊन तिच्या आणि पाडसाच्या मध्ये घुसला. तिचा जबडा पाडसाऐवजी त्याच्या मांडीला घासून गेला. तिच्या तोंडात चिखल आला.

ती क्षणभर थबकली. समोर मूठभर पाडस होते आणि त्याच्यापुढे आडवे एक मोठे, दमलेले, जडावलेले जनावर. तेवढ्यात जनावर पळू लागले, तेही लंगडत. उपाशी लांडगी मोठ्याच्या मागे लागली.

म्हातारा तिला पाडसापासून दूर नेत होता, पण आपण कुठवर जाऊ शकू हे त्याला कळत नव्हते. पिवळ्या गवतात तो काळा ठिपका कोठूनही दिसत होता. त्याने डावीकडे वळण घेतले, लांडगी आधीच डावीकडे होती. उजवीकडे घेतले, तिने कोपरा कापला. तिला वासाची गरजच नव्हती. अंगरखा तिला वाट दाखवत होता. तिचा श्वास त्याला मागे ऐकू येऊ लागला.

पुढे बोरींची एक मोठी जाळी होती. कोणतेही हरीण तिथे शिरत नाही, कारण काटे कातडी सोलून काढतात. म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि अंग आत घातले. काट्यांनी पाठ ओरबाडली, कुशी ओरबाडल्या. चिखलाच्या ढलप्या तडतड निघून फांद्यांना लटकत राहिल्या. तो दुसऱ्या बाजूने बाहेर पडला, गवतात तीस-चाळीस पावले गेला आणि मग त्याने ते केले जे पळणाऱ्या जनावराला सर्वांत कठीण असते. तो थांबला.

तो गवतात उभा राहिला. ओरखड्यांतून रक्त येत होते. छाती धपापत होती, ती त्याने कशीबशी दाबून धरली. लांडगी जाळीला वळसा घालून आली. जाळीपाशी तळ्याच्या चिखलाचा दर्प भरून राहिला होता. तिने तो हुंगला, फांदीला लटकलेली काळी ढलपी चाटून पाहिली आणि मग मान वर करून गवताकडे पाहू लागली. ती काळे जनावर शोधत होती. तिची नजर म्हाताऱ्याच्या तोंडावरून गेली, छातीवरून गेली आणि पुढे सरकली. ती त्याच्यापासून सात पावलांवरून गेली. त्याच्या पापणीवर माशी बसली होती. त्याने पापणी हलवली नाही.

ज्या रंगाची त्याला लाज वाटत होती, तो त्या घटकेला त्याच्या आणि लांडगीच्या दातांच्या मधोमध उभा होता.

मग ठाण्यावरून धनी आणि सगळी टोळी उड्या मारत खाली आली. आपण चारी बाजूंनी दिसतो आहोत हे पाहून लांडगी ओढ्याकडे वळली आणि रिकाम्या तोंडाने निघून गेली.

पाडस वाचले. पण म्हातारा कळपाजवळ आला तेव्हा कोणी त्याच्याजवळ गेले नाही. कोणी हसलेही नाही. हसले असते तर बरे झाले असते. तरुण हरिणी पाडसाला पुढे घालून दक्षिणेच्या उघड्या माळावर निघाली होती, जिथे गवत गुडघ्याएवढेही नाही. त्याच्या शेजारून जाताना ती थांबली.

"तुम्ही उभे आहात म्हणून मी त्याला तिथं ठेवलं होतं, आबा," ती म्हणाली आणि पुढे गेली.

त्यानंतर म्हाताऱ्याने दुसरीच चूक केली. वय झालेले पुष्कळजण एक टोक सोडले की थेट दुसरे टोक गाठतात. तो राखणीला उभा राहू लागला खरा, पण स्वतःकडे बघेनासा झाला. अंगावर कुसळे तशीच, जखमांवर माश्या, शिंगांच्या पिळांत चिखल आणि वाळका पाला, कानांत गोचिडी. आता कोणाला दाखवायचे आहे, असे तो स्वतःशी पुटपुटे. खाज आली की पाय झाडी, माशी चावली की मान हलवी. गवतात तो उभा असे तिथले गवत सारखे हलत राही.

चौथ्या दिवशी थोरली हरिणी त्याच्याकडे आली. तिने आधी त्याच्या कानातल्या दोन गोचिडी दातांनी ओढून काढल्या आणि मगच तोंड उघडले. त्या दिवशी चिखल थापून आलास आणि आज उकिरड्यासारखा उभा आहेस, असे तिने त्याला सुनावले. दोन्ही वेळा विचार एकच, मी कोणाला कसा दिसतो. अंगरखा उतरला म्हणजे नीटनेटकेपणा उतरला असे तुला कोणी सांगितले? कुसळे टोचत असलेला राखणदार स्थिर उभा राहू शकत नाही, आणि हलणारा राखणदार ओढ्यावरून दिसतो.

"आणि शिंगं घास," जाता जाता ती म्हणाली. "ती विटलेली नाहीत. ती तुझीच आहेत."

म्हातारा त्या दिवशी तळ्यावर गेला, तेव्हा चिखलाकडे न वळता स्वच्छ पाण्यात उतरला. मग त्याने एका बाभळीच्या खोडावर शिंगे घासली, पीळ न् पीळ मोकळा होईपर्यंत. अंगावरची कुसळे एकेक करून काढली. जखमा चाटून साफ केल्या. पाण्यात त्याने पुन्हा एकदा पाहिले. पाण्यात कोणी धनी नव्हता. तिथे वाळक्या गवताच्या रंगाचा, स्वच्छ अंगाचा, चकचकीत शिंगांचा एक म्हातारा नर होता. त्याला तो वाईट वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो उत्तरेच्या गवतात जाऊन उभा राहिला. त्याच सकाळी लांडगी आली. ती ओढ्यावर बसून गवताकडे बघत राहिली. सूर्य वर चढला. म्हाताऱ्याला तिच्या बरगड्या मोजता येत होत्या, इतकी ती जवळ होती. ती उठून चार पावले गवतात आली. आणखी दोन पावले आली. म्हाताऱ्याने पायांत उडी भरून ठेवली, पण मारली नाही. तिचे तिसरे पाऊल उचललेले होते आणि ते खाली टेकले नव्हते. तिने ते पाऊल तसेच मागे घेतले. कुठेतरी दोन डोळे आहेत हे तिला पुन्हा जाणवले होते. ती ओढ्याच्या काठाने वळली, दूरच्या खडकांकडे, जिथे निदान उंदीर आणि ससे मिळतात.

उनाड टोळीला तो दिसला नाही. धन्यालाही दिसला नाही. असे पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी ती तरुण हरिणी पाडसाला घेऊन दक्षिणेकडून आली. उघड्या माळावर सावली नव्हती, पाडस सुकले होते आणि ती स्वतः पुन्हा हाडांवर आली होती. उत्तरेच्या गवताच्या कडेला ती बराच वेळ थांबली. तिने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, ओढ्यापर्यंत पाहिले, मागे ठाण्यावरही पाहिले. गवताचे एक पातेही हलत नव्हते. आबा कुठेच दिसत नव्हते.

मग तिने पाडसाला गवतात बसवले आणि ती चरायला गेली.

तात्पर्य : पुरुषाने वय झाकायला तारुण्याचा वेष चढवू नये, आणि वय झाले म्हणून गबाळेही राहू नये, आज जे काम आपल्यावर सोपवलेले आहे त्याला साजेल असे साधे, स्वच्छ आणि आपल्या अंगाचे ल्यावे, म्हणजे ज्यांनी आपल्यावर विश्वास टाकायचा त्यांना तो टाकता येतो.